ओट्सचं राहू द्या, कळण्याच्या भाकरीचं बोला

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरातलं आरोग्याचं पान मी दर आठवड्याला वाचते. भुसावळला माझी खानावळ आहे, दुपारचे डबे गेले की जरा निवांत वेळ मिळतो तेव्हा चष्मा लावून आधी तेच पान काढते. हल्ली त्यात पोटाच्या तक्रारींवर बरंच येतं, गॅस होणं, पोट फुगणं, चाळिशी-पन्नाशीत जेवण अंगावर येणं, आणि विषय घेतला ते फार बरं केलं कारण माझ्याकडे जेवायला बसणाऱ्यांचं निम्मं बोलणं याच्यावरच असतं. पण साहेब त्या लेखात ताट कोणाचं असतं? ओट्स खा, किनोआ खा, ब्रोकोली वाफवून घ्या, ग्रीक योगर्ट घ्या. आमच्याकडे हे रोज कोणाच्या घरी शिजतं? इथं कळण्याची भाकरी आहे, ठेचा आहे, भरीत, शेवभाजी, वरण-बट्टी, उडदाची घोटलेली डाळ, आणि त्याच्यावर बुक्कीने फोडलेला कच्चा कांदा. त्या ताटातलं काय ठेवायचं, काय कमी करायचं, कसं शिजवायचं, हे कोणीच लिहीत नाही. मग वाचणारा एक तर पान उलटतो नाहीतर घाबरून डाळी-उसळीच सोडून देतो आणि मेडिकलमधून गोळ्यांची स्ट्रीप आणतो. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा ही विनंती.

माझ्याकडे येणारे बरेचसे रेल्वेचे लोक, ड्रायव्हर, असिस्टंट, गार्ड, काही बँकेतले, काही बदली होऊन एकटे राहणारे मास्तर. वय चाळीस ते पंचावन्न. जंक्शनचं गाव असल्यामुळे रनिंग स्टाफचं जेवण गाडीच्या टायमावर चालतं, भुकेच्या नाही. आज बाराला जेवले, उद्या चारला, परवा रात्री अकराला, आणि ड्युटीचा कॉल आला की घास चावायचाच नाही, पाण्यासोबत खाली ढकलायचा. मग हात धुताना म्हणतात काकू पोट डब्ब झालं, ओवा आहे का. धुळ्याकडचे एक भाऊ आहेत ते तर ताटावर बसायच्या आधीच सांगतात, "पोटमा नुसता वारा धरी ऱ्हायना," म्हणजे पोटात नुसता वारा धरतोय. मला त्यांचं हसू येत नाही, काळजी वाटते, कारण यातल्या प्रत्येकाच्या खिशात गोळी आहे आणि ती कशाची आहे हे एकालाही नीट माहीत नाही.

माझी भाची डाएटिशियन आहे आणि एक फिजिशियन डॉक्टर माझ्याकडून डबा नेतात, या दोघांना विचारून विचारून जे कळलं ते सांगते, आणि तुम्ही छापायच्या आधी तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या म्हणजे झालं.

पोटात हवा दोन वाटांनी येते. एक म्हणजे आपण गिळतो ती, भराभर जेवताना, जेवता जेवता फोनवर बोलताना, तंबाखू-सुपारी चघळताना, कोल्ड्रिंक पिताना, कवळी ढिली असेल तर तेव्हाही, ही जास्त करून ढेकर होऊन वर येते. दुसरी मोठ्या आतड्यात तयार होते, जे अन्न वर पचलं नाही ते तिथल्या जंतूंना खायला मिळतं आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साईड, काहींना मिथेन असे वायू निघतात, त्यांना वास नसतो, वास येतो तो गंधकाच्या थोड्याशा अंशामुळे. आणि हे आजारपण नाही, धडधाकट माणसाचाही दिवसातून दहा ते वीस वेळा वायू सरतो. हे एवढं वाक्य जरी मोठ्या अक्षरात छापलं तरी कितीतरी लोकांचा जीव भांड्यात पडेल, कारण पुष्कळांना वाटतं आपल्यालाच काहीतरी भलतं झालंय.

आता ती गोळी. आपल्याकडे जिला गॅसची गोळी म्हणतात, सकाळी उपाशीपोटी घ्यायची, पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल असं नाव असतं, ती जठरातलं अ‍ॅसिड कमी करते. आतड्यात जो वायू तयार होतो त्याच्यावर तिचं काही चालत नाही! छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं, अल्सर, याला ती चांगलं औषध आहे आणि ज्याला गरज आहे त्याने घेतलीच पाहिजे, बहुतेकांना चार ते आठ आठवड्यांचा कोर्स असतो. पण इथं लोक वर्षानुवर्षं घेतात, कोणी लिहून दिली होती ते डॉक्टरही रिटायर झाले, गोळी चालूच. फार लांबवर घेतली तर अंगातलं बी-१२ कमी होऊ शकतं, मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आतड्याचं इन्फेक्शन व्हायची शक्यता वाढते. आता बघा, आपल्याकडे शाकाहारी लोक भरपूर, म्हणजे बी-१२ आधीच कमी, त्यात शुगरची मेटफॉर्मिन चालू, तीही बी-१२ कमी करते, आणि वर ही गोळी. मग पायाला मुंग्या, थकवा, विसरायला होणं, आणि माणूस म्हणतो वय झालं. एक रक्ताची तपासणी केली तर कळून जाईल. पण हे वाचून कोणी गोळी एकदम फेकून देऊ नका, एकदम बंद केली की काही दिवस अ‍ॅसिड उलट जास्त उसळतं आणि माणसाला वाटतं बघा मला गोळीशिवाय जमतच नाही, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते. आणि ज्यांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे किंवा सांधेदुखीच्या गोळ्या रोज लागतात त्यांना ही पोट सांभाळायला मुद्दाम दिलेली असते, त्यांनी तर स्वतःच्या मनाने अजिबात बंद करायची नाही.

जेवणानंतर लिंबू-सोडा मारायचीही आपल्याकडे पद्धत आहे. मोठी ढेकर येते आणि माणूस म्हणतो हलकं वाटलं, पण ती ढेकर बरीचशी त्या सोड्यातल्याच गॅसची असते. पाण्यात टाकून फसफसणारी पावडर पण तशीच, शिवाय तिच्यात सोडियम असतं, बीपीवाल्यांनी रोज घेण्यासारखी ती वस्तू नाही.

आता माझ्या कामाचा भाग, स्वयंपाक. डाळी-कडधान्यांनी गॅस का होतो तर त्यात रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात आणि त्या तोडायचा रस माणसाच्या आतड्यात बनतच नाही, तुम्ही पंचविशीचे असा का पन्नाशीचे. त्या तशाच खाली मोठ्या आतड्यात जातात आणि जंतू त्यावर ताव मारतात. पण या साखरा पाण्यात उतरतात. म्हणून हरभरा, राजमा, मठ, चवळी, उडीद रात्रभर भिजवायचं, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात शिजवायचं, आणि मऊ होईपर्यंत शिजवायचं, दाताखाली कच्चट लागता कामा नये. बऱ्याच बाया भिजवलेलं पाणीच कुकरमध्ये घालतात, सत्त्व जाईल म्हणून, थोडं जातंही, पण ज्याचं पोट फुगतं त्याच्यासाठी ते ओतलेलंच बरं. मोड आणले तर अजून कमी होतं. उडदाच्या डाळीचंही तेच, आपल्याकडे ती धुतली की सरळ चढवतात, तर तीन-चार तास तरी भिजू द्या. मुगाची डाळ पोटाला सगळ्यात सोपी, रात्री जेवायला उशीर होणार असेल तर माझ्याकडे मी मूगच ठेवते. आणि डाळी सोडायच्या नाहीत हो, शाकाहारी माणसाने डाळ सोडली तर प्रोटीन कुठून आणणार? थोडी थोडी रोज खाल्ली तर आतड्याला सवय होते, महिनाभर बंद ठेवून एकदम वाडगाभर उसळ खाल्ली की मग त्रास होतोच.

कळण्याचं विचारतात सगळे. कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद मीठ घालून एकत्र दळलेले, बाहेरच्या वाचकाला माहीत नसतं म्हणून सांगते. ते भिजवायचा प्रश्नच येत नाही, दळलेलं पीठ आहे. पण उडदाचं प्रमाण घरोघरी वेगळं असतं, ज्यांना जड जातं त्यांनी गिरणीत टाकतानाच उडीद कमी घ्यायचा, आणि ही भाकरी दुपारची ठेवायची, रात्री नुसत्या ज्वारीची. गव्हापेक्षा ज्वारी अशा पोटाला बरी जाते, कारण गव्हात फ्रुक्टन म्हणून कर्बोदकाचा एक प्रकार असतो, तो माणसाच्या आतड्यात पचत नाही आणि काहींना त्याचा त्रास होतो, तोच कांद्यात आणि लसणात भरपूर असतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने यावर बरंच काम केलंय, फॉडमॅप डाएट म्हणतात त्याला, कोणत्या अन्नात हे आंबणारे घटक किती याच्या याद्याच केल्यात त्यांनी. त्यात दोन ते सहा आठवडे काही पदार्थ बंद ठेवायचे आणि मग एकेक करून परत सुरू करून बघायचं आपल्याला नक्की कशाचा त्रास होतो ते. आयुष्यभर बंद ठेवायचे नसतात, इथं लोक यूट्यूबवर बघून निम्मंच ऐकतात आणि सगळंच सोडून वाळतात. भाची म्हणते हे एकट्याने करू नये, डाएटिशियन सोबत असावी.

आणि भरीत! आमच्या जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, दिवाळीनंतर ते थेट थंडी संपेपर्यंत शेताशेतात भरीत पार्ट्या चालतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे वांग्याच्या नावाने बोटं मोडतात, वांगं वातूळ, वांगं वातूळ. मला विचाराल तर बिचाऱ्या वांग्याचा दोष फार कमी आहे. त्या फॉडमॅपच्या यादीत वांगं गुन्हेगार नाही. भरतात कच्चा लसूण किती पडतो ते बघा, सोबत कांदा किती, वर तळलेल्या पुऱ्या किती, तिखट किती, आणि खाल्लं कधी तर रात्री साडेदहाला, आणि खाऊन लगेच गाडीत बसून घरी येऊन झोपलो. तुम्ही याच भरतात थोडी सुधारणा करून बघा. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणजे लसूण तेलात चांगला तळून त्या पाकळ्या बाजूला काढल्या आणि ते तेल भरतात घातलं तर वास-चव सगळी येते आणि त्रासाचा भाग पाकळ्यांबरोबर निघून जातो. पातीच्या कांद्याचंही तसंच, त्याच्या हिरव्या पातीत फ्रुक्टन फार कमी असतं, ते खालच्या पांढऱ्या गड्ड्यात असतं. आपण भरतात पात घालतोच, तर फक्त हिरवी घाला. माझ्याकडे पोटवाल्या गिऱ्हाईकांसाठी मी भरीत असंच करते आणि खरं सांगते चवीत फरक कोणी ओळखलेला नाही. चातुर्मास लागल्यापासून चंपाषष्ठीपर्यंत कांदा-लसूण-वांगं न खाणाऱ्या घरात जाऊन विचारा, त्या दिवसात पोट हलकं असतं म्हणतात, माझ्या मते ते वांग्यामुळे कमी आणि कांदा-लसणामुळे जास्त.

शेवभाजीचं काय बोलू. ती बेसनाची, तेलाची आणि तिखटाची, तिन्ही एकत्र. तेल जास्त झालं की जठर लवकर रिकामं होत नाही, म्हणून तास दोन तास ते गच्च वाटतं. तर्री वरची काढून घ्या, वाटी लहान घ्या, रात्री नका घेऊ, एवढंच सांगू शकते. तेलकट खाल्ल्यावर दर वेळी उजव्या बरगडीखाली दुखून खांद्यात-पाठीत जात असेल तर तो गॅस समजू नका, पित्ताशयात खडे असू शकतात, सोनोग्राफीत दिसतात.

दुधाचंही आहे. लहानपणी दूध पचवणारा रस मोठेपणी पुष्कळांचा कमी होतो आणि आपल्या देशात असे लोक भरपूर आहेत. दिवसाला सहा-सात कप दुधाचा चहा आणि प्रत्येकाबरोबर बिस्कीट, म्हणजे दूध आणि मैदा, आणि दोष मात्र डाळीला. दूध जमत नसेल तर दही-ताक बहुतेकांना जमतं, जिरेपूड घालून पातळ ताक, आमच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा तर तेच अमृत. शुगरवाले सणाला शुगर-फ्री मिठाई खातात त्यातल्या सॉर्बिटॉल, माल्टिटॉलसारख्या गोडीनेही पोट फुगतं, पाव किलोच्या बॉक्सचा रात्रीत फडशा पाडला तर जुलाबही होतात. आणि शुगरच्याच काही गोळ्या, व्होग्लिबोज, अ‍ॅकार्बोज, या पिष्ट पदार्थ पचायला मुद्दाम उशीर लावतात, तेच त्यांचं काम आहे, मग न पचलेलं खाली जाऊन गॅस होतो. मेटफॉर्मिननेही सुरुवातीला पोट बिघडतं. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. चाळिशीनंतर पोट का बिघडलं याचं उत्तर पुष्कळदा गोळ्यांच्या डब्यात असतं, तो डबाच्या डबा डॉक्टरांसमोर नेऊन ठेवावा. डोस बदलतात, वेळ बदलतात, हळू विरघळणारी गोळी देतात, मार्ग निघतो.

शौचाला साफ न होणं हे तर मूळच आहे, जे अडकून पडलं ते आंबणार आणि फुगणार. पंचविशीत सायकलवर वर्कशॉपला जाणारा माणूस पन्नाशीत मोटारसायकलने जातो, खुर्चीत बसतो, खाणं तेवढंच. चूर्णं घेतात त्यातल्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला ढकलून काम करून घेते, अधूनमधून ठीक आहे पण रोज रात्रीची सवय लावून घेऊ नये. इसबगोल त्यापेक्षा बरा, चमचाभरापासून सुरू करून हळूहळू वाढवायचा आणि भरपूर पाण्याबरोबर, कमी पाण्यात घेतला तर तोच अडकतो. कमोडवर बसत असाल तर पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल घ्या म्हणजे उकिडवं बसल्यासारखं होतं. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, आपल्या घरातली म्हातारी माणसं शतपावली म्हणायची ती उगीच नाही. पवनमुक्तासन ज्यांना जमतं त्यांनी करावं. ओवा, हिंग, जिरं, बडीशेप यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो, मीही देते, पण ओवा घेऊनही महिनोनमहिने तेच चाललंय तर ओव्याचा चमचा मोठा करत बसू नका, तपासणी करा.

जुन्या अ‍ॅसिडिटीत एक जंतूही असू शकतो, हेलिकोबॅक्टर पायलोरी. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोन ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी तो शोधला, त्याआधी सगळे म्हणायचे अल्सर टेन्शनने आणि तिखटाने होतो, मार्शलनी तर स्वतः ते जंतू पिऊन दाखवले होते, दोघांना २००५ साली नोबेल मिळालं. शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीत तो कळतो आणि साधारण दोन आठवड्यांच्या औषधाने जातो. वर्षानुवर्षं गोळी खाणाऱ्या किती जणांची ही तपासणी झाली असेल? माझ्या गिऱ्हाईकांत मी विचारलं तर नावच कोणी ऐकलेलं नव्हतं.

आता बायांचं बोलते कारण तुमच्या पानावर ते जवळजवळ नसतंच. मी स्वतः पन्नाशी ओलांडलीय. पाळी जायच्या काळात हार्मोन खालीवर होतात त्याने पोट फुगतं, साडी-ड्रेस संध्याकाळी कमरेत घट्ट होतो, बद्धकोष्ठ होतं, आणि हे कोणाला सांगायचं? डॉक्टरकडे जाऊन गॅस होतो म्हणायलाच लाज वाटते. चारचौघात, बचत गटाच्या मीटिंगमध्ये, एसटीत, देवळात बाई दिवसभर वायू दाबून बसते, आणि चरकसंहितेच्या सूत्रस्थानात शरीराचे नैसर्गिक वेग अडवू नयेत यावर अख्खा अध्याय आहे, त्यात हा वेगही मोजलाय, म्हणजे जुन्या लोकांनाही त्याची लाज नव्हती. बाजाराच्या दिवशी बाया पाणी पीत नाहीत कारण बाजारात जायला धड संडास-बाथरूम नाही, मग संध्याकाळी डोकं दुखतं, दुसऱ्या दिवशी पोट साफ नाही. घरात सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवायचं, उरलेलं संपवायचं, उपासाला साबुदाणा आणि शेंगदाणे खाऊन दिवस काढायचा. हे सगळं बदलायला वेळ लागेल पण एक गोष्ट उद्याच्या उद्या छापता येईल, ती ही की पन्नाशीच्या आसपासच्या बाईचं पोट जर नव्याने फुगायला लागलं, रोज किंवा महिन्यात बरेच दिवस फुगतं, थोडं खाल्लं तरी पोट भरतं, ओटीपोटात दुखतं, लघवीला सारखं लागतं, तर ते गॅस म्हणून सोडू नये, अंडाशयाचा कॅन्सर असाच दबक्या पावलाने येतो. बहुतेक वेळा तसं काही निघत नाही, पण सोनोग्राफी आणि डॉक्टरांनी सांगितली तर रक्ताची एक तपासणी करून खात्री करून घ्यावी. आमच्या गल्लीत एक ताई होत्या, सगळ्या म्हणायच्या वातच आहे तिला. जास्त लिहवत नाही.

बाकीच्या धोक्याच्या खुणा पुरुषांनाही तेवढ्याच. काही न करता वजन उतरणं, शौचातून रक्त किंवा डांबरासारखी काळी शी, हिमोग्लोबिन कमी निघणं, घास गिळताना अडकणं, सारख्या उलट्या, कावीळ, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर असणं, आणि पंचेचाळीस-पन्नासनंतर शौचाची सवय अचानक बदलणं, कधी जुलाब कधी काहीच नाही. यातलं एकही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा.

आणि साहेब सगळ्यात महत्त्वाचं. माझ्याकडे जेवणारे एक रिटायर काका, त्यांना रात्री छातीत दाबल्यासारखं झालं, अंगाला दरदरून घाम सुटला. संध्याकाळी वरण-बट्टीचं जेवण झालेलं, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटलं गॅसच आहे. जिऱ्याचं पाणी झालं, सोडा झाला, पाठ चोळून झाली, अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. सकाळी दवाखान्यात ईसीजी काढला तेव्हा कळलं की अटॅक आलेला. वाचले, पण हृदयाचा काही भाग कायमचा गेला आणि आता जिना चढला की दम लागतो. ती रात्र वाया गेली नसती तर बरंच वाचलं असतं असं डॉक्टर म्हणाले. अशी गोष्ट खान्देशातल्या प्रत्येक गावात कोणीतरी सांगेल. छातीत किंवा बेंबीच्या वर दाब, घाम, दम, मळमळ, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, असं काही झालं तर चाळिशीच्या पुढच्या माणसाने गॅसचा विचार शेवटी करायचा, आधी १०८ ला फोन आणि ईसीजी. शुगरवाल्यांना आणि बायांना छातीत दुखतच नाही असंही होतं, नुसती अ‍ॅसिडिटी, घाम आणि गळून गेल्यासारखं वाटतं. ढेकर येऊन बरं वाटलं म्हणजे हृदयाचं नाही असं समजू नका. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी दुखणं चालू असेल तर परत काढायला सांगा. आणि अजून एक, चालताना किंवा जिना चढताना छातीत गच्च होतं आणि थांबलं की मोकळं होतं, याला आमच्याकडे हमखास "गॅस चढला" म्हणतात, ही हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याची खूण असू शकते, अशाने त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं.

म्हणून माझं मागणं असं आहे. जळगावला, धुळ्याला, नंदुरबारला आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, आपल्याकडच्या डॉक्टरांना आणि डाएटिशियनना लिहायला सांगा आणि त्यांना आधी आमचं ताट दाखवा. एका आठवड्याला उडीद, एकाला बट्टी, एकाला भरीत, एकाला उपासाचे पदार्थ, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी पुरणपोळी आणि आमरस, श्रावणात कानबाई देवीचे रोट. रावेर-यावलकडच्या लोकांना केळ्याचं विचारायचं असतं, पिकलेलं खावं का अर्धकच्चं, तेही लिहा. रनिंग ड्युटीवाल्याने डब्यात काय न्यावं, शेतात जाणाऱ्याने काय, दुकानात बसणाऱ्याने काय. बायांसाठी एखादी लेडी डॉक्टर लिहील तर उत्तम, प्रश्न नाव न छापता घ्या म्हणजे बाया विचारतील.

दुसरं, त्याच पानाच्या खाली "जुनाट गॅस मुळापासून घालवा" अशा चूर्णाच्या जाहिराती येतात, ज्यात काय घातलंय ते लिहिलेलं नसतं. पेपर जाहिरातींवर चालतो हे मला समजतं, मीही धंदा करते. पण वर डॉक्टरचा सल्ला आणि खाली ते चूर्ण असं आलं की वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच खरं वाटतं. निदान आरोग्याच्या पानावर तरी त्या नकोत, दुसरीकडे छापायच्या असतील तर आत काय आहे ते त्यांच्याकडून लिहून घ्या.

आणि तिसरं, ते छातीतल्या दाबाचं आणि १०८ चं एक चौकट करून दर आठवड्याला त्याच जागी छापा, मोठ्या टायपात, म्हाताऱ्या माणसांना चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या. लग्नसराई आणि भंडाऱ्यांच्या दिवसात तर रोज छापा, कारण तेव्हाच रात्री उशिरा जड जेवणं होतात आणि तेव्हाच लोक गॅस समजून सकाळपर्यंत थांबतात. पहिली चौकट आली की मी ती कापून हात धुवायच्या बेसिनवर लावणार आहे, ओवा मागायला सगळे तिथेच येतात.

आपली नियमित वाचक,
एक खानावळ चालवणारी,
भुसावळ, जि. जळगाव